राहत्या इमारतीची निगा

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. घर बांधताना माणसाची किती दमछाक होते, हे सांगण्यासाठी ही म्हण पुरेशी आहे. परंतु एकदा बांधलेले, किंवा हप्त्याहप्त्याने पैसे भरून विकत घेतलेले घर चाळीस-पन्नास वर्षे धडधाकट ठेवणे हे काही कमी कष्टाचे काम नव्हे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांतील हजारो कुटुंबांपुढे आज नेमके हेच काम उभे आहे.

मुंबई ते ठाणे अशी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला. या लोहमार्गानेच या परिसराचे भवितव्य ठरविले. मुंबईत नोकरी आणि ठाण्यापलीकडे बिऱ्हाड ही मध्यमवर्गीय जीवनाची रीतच होऊन बसली. नौपाड्यातील वाडे आणि बैठ्या चाळी, डोंबिवलीतील अंगणाची कौलारू घरे, कल्याणातील जुने वाडे यांच्या जागी विशेषतः १९७० नंतर काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या. तळमजला आणि त्यावर तीन किंवा चार मजले, मधोमध जिना, वर मोकळी गच्ची आणि प्रत्येक मजल्यावर तीन-चार बिऱ्हाडे, असे या इमारतींचे सर्वसाधारण रूप होते. उद्वाहन नसल्यामुळे ती घरे नोकरदाराच्या आवाक्यात आली. ठाण्याची महानगरपालिका १९८२ साली व कल्याणची १९८३ साली स्थापन झाली, तेव्हा यांपैकी कित्येक इमारती नव्या कोऱ्या होत्या. आज त्यांनी चाळिशी ओलांडली आहे. तेव्हा कर्ज काढून घर घेणारे तरुण आता आजोबा झाले आहेत. घराचेही वय झाले आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

ते ध्यानात न आल्यास काय घडते, याचे दाखले दूर शोधण्याची गरज नाही. २०१५ सालच्या पावसाळ्यात आठवड्याभराच्या अंतराने ठाकुर्ली येथे आणि ठाण्याच्या नौपाडा भागात जुन्या इमारती कोसळल्या. दोन्ही दुर्घटनांत मिळून सुमारे वीस जणांचे प्राण गेले. त्यानंतर दहा वर्षांनी, २० मे २०२५ रोजी, कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी या चार मजली इमारतीत वरच्या मजल्याचा स्लॅब खाली आला आणि त्या भाराने त्याखालचे स्लॅबही एकापाठोपाठ कोसळले. त्यात सहा जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी चौथ्या मजल्यावरील एका सदनिकेत फरशी बसविण्याचे काम चालू होते. घर नीटनेटके करावे एवढ्याच हेतूने जे काम कोणीही काढील, तेच काम जुन्या इमारतीत किती जोखमीचे ठरू शकते, हे या घटनेने दाखवून दिले. म्हणूनच इमारत कशामुळे जीर्ण होते, ती वेळीच कशी ओळखावी आणि कायदा व नियम आपल्याला काय सांगतात, याची माहिती प्रत्येक सदनिकाधारकाला असणे आवश्यक आहे.

पाणी, सळई आणि गंज

काँक्रीट दगडासारखे दिसत असले तरी ते पूर्णतः निश्छिद्र नसते. त्यात अतिसूक्ष्म रंध्रे असतात. काँक्रीट दाब उत्तम सोसते, परंतु ताण सोसत नाही. तो ताण आतील पोलादी सळया सोसतात. ताज्या काँक्रीटमध्ये सिमेंटमुळे तीव्र अल्कधर्मी गुण असतो आणि या गुणामुळे सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. जोवर हा थर शाबूत आहे, तोवर सळई गंजत नाही.

काळाच्या ओघात हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू रंध्रांवाटे आत शिरतो आणि काँक्रीटचा अल्कधर्मी गुण बाहेरून आत कमी होत जातो. हा परिणाम सळईपर्यंत पोचला की तिचे संरक्षण संपते. मग पाणी आणि हवा मिळताच ती गंजू लागते. ठाणे परिसरात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व तो बहुतेक सर्व चार महिन्यांतच कोसळतो. त्यामुळे गंजाला लागणारे पाणी येथे कधी कमी पडत नाही. गंजलेल्या लोखंडाचे आकारमान मूळच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढते. फुगलेली सळई आतून रेटा देते, काँक्रीटला सळईच्या रेषेत तडा जातो आणि अखेर त्याचे पोपडे गळून पडतात. तड्यातून आणखी पाणी आत जाते आणि गंजाचा वेग वाढतो. असे हे दुष्टचक्र आहे.

या परिसरात आणखी एक कारण संभवते, ते खाडीच्या रेतीचे. ठाणे आणि कल्याणच्या खाड्यांतून रेती काढण्याचा व्यवसाय पूर्वी मोठ्या प्रमाणावर चालत असे. मुंब्रा, कल्याण आणि डोंबिवली येथील 'रेतीबंदर' ही नावे त्याचीच साक्ष देतात. खाडीची रेती गोड्या पाण्याने नीट न धुता बांधकामात वापरली गेली, तर तिच्यातील मिठाचा अंश काँक्रीटमध्येच राहतो. अशा काँक्रीटमधील सळई मूळचा अल्कधर्मी गुण शिल्लक असतानाही गंजू शकते. वरून धडधाकट दिसणारी इमारत आतून पोखरली जाते, ती अशी.

इमारतीची भाषा

इमारत अचानक पडली, असे आपण म्हणतो. वस्तुतः ती बहुधा पुष्कळ आधीपासून सूचना देत असते. छताच्या किंवा तुळईच्या खालच्या बाजूस सळईच्या रेषेत गेलेली भेग, भिंतीवर उमटलेले तांबूस ओघळ, फुगलेला गिलावा, अकस्मात घट्ट बसू लागलेली दारे-खिडक्या, जमिनीला आलेला उतार, खांब आणि तुळई यांच्या सांध्याजवळचे तडे या सर्व त्या सूचनाच होत. यांपैकी खांबावरील उभ्या भेगा सर्वांत गंभीर समजाव्यात. स्लॅबचा एखादा तुकडा निखळला तर एका खोलीचे नुकसान होते, परंतु खांब खचला तर त्याच्यावरचे सर्व मजले धोक्यात येतात.

काही प्राथमिक पाहणी गृहस्थाला स्वतःलाही करता येते. लाकडी दांडक्याने छताचा गिलावा हलक्या हाताने ठोकून पाहावा. भरीव आवाज येण्याऐवजी पोकळ, बदबद आवाज आला तर तेथील थर सुटला आहे असे समजावे. भेग दिसल्यास तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहून ठेवावी, आणि भेगेवर आडवी प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी लावावी. महिना-दोन महिन्यांत भेग खुणेपलीकडे गेली किंवा पट्टीला तडा गेला, तर इमारतीत हालचाल चालू आहे, हे निश्चित. अशा वेळी विलंब न लावता संरचना अभियंत्याला बोलवावे.

येथे एक चूक आवर्जून सांगितली पाहिजे, कारण प्रस्तुत लेखकाच्या घरीही ती घडलेली आहे. स्वयंपाकघराच्या छताला पोपडे धरले, तेव्हा गवंड्याकडून ते काढवून त्यावर नवा गिलावा आणि रंग देण्यात आला. छत दोन पावसाळे देखणे दिसले. तिसऱ्या पावसाळ्यात तोच भाग ताटाएवढा होऊन ओट्यावर पडला. त्या क्षणी तेथे कोणी उभे नव्हते, हा केवळ योगायोग. आतली सळई पेन्सिलीएवढी बारीक झालेली होती. गंजलेल्या सळईवर गिलावा चढविणे म्हणजे दुखण्यावर शाल पांघरणे होय. योग्य दुरुस्तीत सुटलेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढतात, गंज खरवडून साफ करतात, सळई फार झिजली असल्यास जोडीला नवी सळई बांधतात, गंजरोधक लेप देतात आणि मगच पॉलिमरमिश्रित मसाल्याने ती जागा भरून काढतात. हे काम चालू असताना अभियंत्याच्या सल्ल्याने टेकू देणे आवश्यक असते.

गच्ची आणि न्हाणीघर

घरात पाणी शिरते ते प्रामुख्याने दोन वाटांनी : वरून गच्चीतून आणि आतून न्हाणीघर व शौचालयातून. जुन्या इमारतींच्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालण्याची पद्धत होती. तो उत्तम टिकतो, परंतु त्याचा उतार पाणी जाण्याच्या तोंडाकडे नीट असला पाहिजे. गळती सुरू झाली की जुना कोबा न काढता त्यावर दुसरा कोबा घालण्याचा मोह होतो. तसे करू नये. दहा सेंटिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो होते. एवढा भार जुन्या स्लॅबवर नव्याने लादणे हितावह नाही.

मे महिन्याच्या अखेरीस गच्चीवरील पाणी वाहून जाण्याची तोंडे आणि पन्हळी साफ करून घ्याव्यात. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बीपासून नळांच्या सांध्यांत आणि छज्ज्यांच्या कोपऱ्यांत पिंपळ उगवतो. तो वरवर छाटल्याने दुप्पट जोमाने फुटतो, म्हणून मुळासकट काढून ती भेग बुजवावी. बाहेरच्या भिंतीवरील बिडाच्या जुन्या नळांचे सांधेही पाहून घ्यावेत. भिंत ओली होण्याचे मूळ पुष्कळदा तेथेच सापडते.

न्हाणीघराची दुरुस्ती झाल्यावर नवी फरशी बसविण्यापूर्वी जलरोधक थराची परीक्षा घ्यावी. नहाणीचे तोंड बंद करून तेथे दोन दिवस पाणी साठवून ठेवावे आणि खालच्या मजल्यावर ओल उतरते की नाही, ते पाहावे. या परीक्षेसाठी खालच्या शेजाऱ्याला आधी कल्पना देऊन त्याच्या समक्ष पाहणी केली, तर पुढचे पुष्कळ वाद टळतात.

फरशीचे वजन

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. जुन्या फरशीवरच पाच सेंटिमीटर जाडीचा मसाला आणि त्यावर नवी फरशी बसविली, तर दर चौरस मीटरला साधारण सव्वाशे किलो भार वाढतो. दहा फूट बाय बारा फुटांच्या एका खोलीत हा भार सुमारे १,४०० किलो भरतो. म्हणजे वीस धिप्पाड माणसे त्या खोलीत दिवसरात्र, कायमची उभी राहिल्यासारखे झाले. निवासी इमारतीच्या स्लॅबची रचना करताना माणसे, फर्निचर इत्यादींसाठी सर्वसाधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो भार गृहीत धरलेला असतो. त्यातील निम्म्याहून अधिक वाटा केवळ या नव्या फरशीने व्यापला जातो. आणि हे गणित नव्या, निरोगी स्लॅबचे आहे. गंजलेल्या सळयांच्या स्लॅबची शक्ती किती उरली आहे, हे तपासणीवाचून सांगता येत नाही.

तेव्हा फरशी बदलायचीच असेल तर जुनी फरशी आणि तिच्याखालचा मसाला आधी काढावा, म्हणजे एकूण भार वाढत नाही. मात्र काढण्यासाठी विजेवर चालणारा जड हातोडा वापरला, तर त्याच्या हादऱ्यांनी कमकुवत स्लॅब आणखी खिळखिळा होतो. छिन्नी-हातोडीने, सावकाश काम करून घेणे इष्ट. निघालेला राडारोडा खोलीच्या मध्यभागी रचून ठेवू नये. एक घनमीटर राडाराेड्याचे वजन दीड टनाच्या घरात जाते. तो रोजच्या रोज खाली उतरवावा. रेती आणि सिमेंटची पोतीही एका जागी रचू नयेत.

हाच न्याय इतर बदलांनाही लागू आहे. साडेचार इंची विटांची नवी भिंत दर धावत्या मीटरला सहा-सातशे किलो वजनाची असते. ती तुळईवर नसून नुसत्या स्लॅबवर आली, तर स्लॅब वाकू लागतो. छज्जा एकाच बाजूने आधारलेला असतो. त्यावर मातीच्या कुंड्या, पाण्याच्या टाक्या किंवा वातानुकूलन यंत्र ठेवणे धोक्याचे आहे. खांब किंवा तुळई तासून कपाटाला जागा करणे तर केव्हाही वर्ज्य समजावे. अंतर्गत बदल करण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थेची लेखी अनुमती, आणि संरचनेत बदल होणार असल्यास महानगरपालिकेची परवानगी घ्यावी लागते. ही अडवणूक नसून वरखालच्या सर्व बिऱ्हाडांच्या सुरक्षिततेसाठी केलेली तरतूद आहे.

खर्च कोणी सोसावा?

गळतीचा प्रश्न आला की वरचा आणि खालचा शेजारी यांच्यात वादाला तोंड फुटते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी याचे उत्तर पुरेसे स्पष्ट दिले आहे. गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची गळती, त्यामुळे वरच्या मजल्यावरील छताच्या गिलाव्याचे होणारे नुकसान, बाहेरच्या सामाईक नळांची गळती आणि स्लॅबची संरचनात्मक दुरुस्ती यांचा खर्च संस्थेने करावयाचा असतो. शौचालय, न्हाणीघर, मोरी यांतून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी परस्पर सामोपचाराने करावयाचा असतो.

संस्थेकडे पैसा असेल तरच ती आपली जबाबदारी पार पाडू शकते. आदर्श उपविधींनुसार प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्ती व देखभाल निधीसाठी आणि किमान ०.२५ टक्के रक्कम सिंकिंग फंडासाठी जमा करावयाची असते. येथेच जुन्या संस्था फसतात. समजा, चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या सदनिकेचा बांधकाम खर्च साठ हजार रुपये धरला होता. त्यावर हे दोन्ही निधी मिळून वर्षाला अवघे सहाशे रुपये होतात. आजच्या काळात तेवढ्यात एका गवंड्याची एका दिवसाची मजुरी भागणेही कठीण. उपविधींनी सांगितलेली टक्केवारी ही किमान मर्यादा आहे. सर्वसाधारण सभेला त्याहून अधिक वर्गणी ठरविता येते. दरमहा थोडी वाढीव वर्गणी देण्यास आज कुरकुर करणाऱ्या सभासदांवर उद्या लाखांची रक्कम एकदम उभी करण्याची पाळी येते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

तीस वर्षांची मर्यादा

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ अन्वये इमारतीला तीस वर्षे पूर्ण झाली की तिची महानगरपालिकेकडे नोंदलेल्या संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेऊन, एका वर्षाच्या आत संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र सादर करणे मालकांना वा भोगवटादारांना बंधनकारक आहे. त्यानंतर दर दहा वर्षांनी ही तपासणी करावयाची असते. तसे न केल्यास पंचवीस हजार रुपये किंवा त्या इमारतीचा एका वर्षाचा मालमत्ता कर, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढा दंड होऊ शकतो. आदर्श उपविधी याहीपुढे जातात. पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी, असे ते सांगतात.

तपासणी म्हणजे डोळ्यांनी केलेली पाहणी नव्हे. काँक्रीटच्या पृष्ठभागावर विशिष्ट हातोडीचा आघात करून त्याची दृढता अजमावतात, त्यातून ध्वनिलहरी पाठवून आतील पोकळ्या शोधतात, सळईच्या गंजाची शक्यता विद्युत मापनाने पाहतात आणि काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण लावतात. गुलाबी रंग आला तर तेथील अल्कधर्म शाबूत आहे आणि रंग आला नाही तर तो नष्ट झाला आहे, असा निष्कर्ष निघतो. अहवालात या चाचण्यांची मोजमापे आहेत की नाहीत, हे संस्थेने जरूर पाहावे. दुरुस्तीचा ठेकेदार आणि तपासणी करणारा अभियंता एकच असू नये, हेही पथ्य पाळावे.

तपासणीनंतर इमारतींचे चार वर्ग केले जातात. 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडावयाची इमारत. 'सी-२ अ' म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करावयाची, 'सी-२ ब' म्हणजे रिकामी न करता अशी दुरुस्ती करावयाची आणि 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्तीची इमारत होय.

घर सोडण्याची भीती

अतिधोकादायक इमारतीची नोटीस लागल्यावरही रहिवासी घर सोडत नाहीत, ही दर पावसाळ्याची वस्तुस्थिती आहे. याला हट्ट म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. एकदा बाहेर पडलो तर पुन्हा या जागेवर आपला हक्क राहील का, ही त्यामागची खरी भीती असते. ती दूर होणे आवश्यक आहे. जीर्ण इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिलेला आहे. घर सोडण्यापूर्वी आपल्या ताब्यातील जागेच्या क्षेत्रफळाची मोजणी होऊन त्याचा दाखला महानगरपालिकेकडून मिळेल, हे पाहावे. करारपत्र, भाग-दाखला, कराच्या आणि विजेच्या पावत्या, भाडेपावत्या या कागदांची प्रत इमारतीबाहेर सुरक्षित ठेवावी.

मालकी हक्काच्या सदनिकांबाबत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. विकासकाने जमिनीचे हस्तांतरण संस्थेच्या नावे केलेले नसेल, तर २००८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण करून घेता येते. जमीन संस्थेच्या नावे नसेल तर पुनर्विकासाची बोलणी पहिल्याच पायरीवर अडतात. हे काम इमारत उभी असतानाच करून घेणे शहाणपणाचे.

वर्षाचा क्रम

पाऊस ओसरल्यावर, ओल अंगावर असतानाच, ऑक्टोबरमध्ये इमारतीची पाहणी करून गळतीच्या जागा नोंदवून ठेवाव्यात. नोव्हेंबरपर्यंत अंदाजपत्रक व निविदा मागवाव्यात, डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत दुरुस्ती उरकावी आणि मे महिन्यात पन्हळी व गच्ची साफ करावी. ठेकेदाराच्या देयकातील काही रक्कम एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावी. मृगाच्या तोंडावर घाईघाईने चोपडलेला डांबराचा थर पहिल्या जोरदार सरीतच आपले रूप दाखवितो.

सदनिकेचे दार लावून घेतले की आपले घर आपल्यापुरते झाले, असे वाटते. परंतु आपली जमीन हे खालच्याचे छत असते आणि आपले छत ही वरच्याची जमीन. खांब तर सर्वांचेच असतात. एका बिऱ्हाडाने केलेली हयगय साऱ्या इमारतीला भोवते, तशीच एका सभासदाने वेळीच दाखविलेली भेग साऱ्या इमारतीला तारूही शकते. येत्या सर्वसाधारण सभेत आपल्या इमारतीचे वय किती आणि तिची शेवटची तपासणी केव्हा झाली, हे दोन प्रश्न प्रत्येक सभासदाने विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर कामाची सुरुवात तेथूनच करावी.